कार्ड न दाखवता बाहेर

हॉकीतली शिक्षा मला मनापासून पटते, कारण ती सगळ्यांच्या समोर होते. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे कमीत कमी पाच, आणि लाल म्हणजे तुझी मॅच संपली, तुझ्या जागी दुसरा पण येणार नाही, राहिलेल्यांनी दहा जणांत खेळायचं. अंपायर कार्ड वर धरतो, ज्याला मिळालं तो मान खाली घालून खुर्चीवर जाऊन बसतो, आणि पहिल्यांदा मॅच बघणाऱ्या पोराला पण कळतं की कोण गेला, कशासाठी गेला आणि परत कधी येणार. हे सगळं पांढऱ्या रेषेच्या आत. रेषेच्या बाहेर, म्हणजे टीम निवडताना, यादी लावताना, कुणाला घरी पाठवताना, ह्यातलं काहीच नसतं. खेळाडू यादीतून जातो आणि कार्ड कुणी दाखवलेलंच नसतं. माझं हॉकीबद्दलचं जे काय भांडण आहे ना, ते सगळं इथं येऊन थांबतं.

मी मूळचा फलटण तालुक्यातला, आता साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हॉकी म्हटलं की लोकांना पंजाब आठवतं, ओडिशा, झारखंड आठवतं, सातारा कुणाच्या डोक्यात येत नाही. पण आसूची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते, वाखरीची अक्षता ढेकळे खेळली, ऋतुजा पिसाळ खेळते. एकाच जिल्ह्यातल्या तीन पोरी, तिघी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेल्या. ऊस, डाळिंब, दुधाच्या डेअऱ्या आणि जत्रेतल्या कुस्त्या ह्यात वाढलेल्या आमच्यासारख्या लोकांना एखाद्या संध्याकाळी फोनच्या स्क्रीनवर निळ्या जर्सीच्या पाठीवर फाळके दिसतं तेव्हा जे होतं ते दुसऱ्या कुठल्या खेळात मला होत नाही. म्हणून मी बोलणार, आणि जरा लांबलचक बोलणार.

आधी शिस्तीचं बोलू. 4 ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिकची क्वार्टर फायनल, समोर ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक विल कॅल्ननच्या चेहऱ्याला लागली, व्हिडिओ बघून लाल कार्ड दिलं. मला स्वतःला ते मुद्दाम वाटलं नाही, बॉल घेऊन पळताना स्टिक मागं येतेच, पण ते असो, निर्णय झाला. तिथून पुढं त्रेचाळीस मिनिटं आपण दहा जण खेळलो. आणि त्यात पण आपला कॅप्टन हरमनप्रीतनं बाविसाव्या मिनिटाला गोल केला, सत्ताविसाव्याला त्यांच्या ली मॉर्टननं बरोबरी केली, 1-1 वर मॅच संपली, शूटआउटला गोलकीपर श्रीजेश उभा राहिला आणि 4-2 नं जिंकलो. त्या दिवशी दुकानात दुरुस्तीला आलेल्या मोटरींकडं कुणी बघितलं नाही, समोरचा चहावाला पण आत येऊन उभा होता.

सगळे त्या विजयाबद्दल बोलतात, मी त्याच्या नंतरच्या मॅचबद्दल बोलतो. रोहिदासवर एका मॅचची बंदी आली, हॉकी इंडियानं, म्हणजे देशातल्या हॉकीच्या संघटनेनं, अपील केलं, ते फेटाळलं, आणि जर्मनीसमोरच्या सेमीफायनलला तो बाहेर. आता रोहिदास करतो काय हे जरा समजून घ्या. पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोलजवळच्या फाउलवर समोरच्या टीमला मिळणारी गोलची संधी, तेव्हा आपल्या बाजूनं गोलकीपर धरून पाचच जण गोलपाशी असतात. बॉल आत ढकलला की त्यातला एक जण सरळ फ्लिक मारणाऱ्याच्या, म्हणजे स्टिकनं बॉल ओढून गोलकडं फेकणाऱ्याच्या, अंगावर धावत जातो, तोंडाला मास्क लावून, समोरून शंभरच्या वर स्पीडनं बॉल येणार हे माहीत असताना. त्याला फर्स्ट रशर म्हणतात. रोहिदास ते काम करतो. स्कोअरकार्डवर त्याची नोंद कुठंच होत नाही. सेमीफायनलला तो नव्हता आणि जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर आला, गोन्झालो पेइलातनं मारला. 3-2 नं हरलो. रोहिदास असता तर तो गोल झालाच नसता असं मी म्हणत नाही, पण कार्डची किंमत त्या खेळाडूपाशी थांबत नाही, ती दोन दिवसांनी दुसऱ्याच मॅचमध्ये दुसऱ्याच माणसाला भरायला लागते.

त्यातून ऑलिंपिकला टीम सोळाची. वर्ल्ड कपला अठरा. दोन माणसांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो पण पॅरिसला त्यामुळं सोळात एकच गोलकीपर नेला, श्रीजेश, आणि कृष्ण पाठक राखीवमध्ये, जुगराज सिंग आणि नीलकांत शर्मा पण राखीवमध्ये. सोळातला एक बंदीनं गेला की पंधरा, आणि आजच्या हॉकीत सारखी बदली चालू असते, दर तीन-चार मिनिटांनी फॉरवर्ड बाहेर येऊन दम घेतो, तिथं एक माणूस कमी म्हणजे सगळ्यांचाच दम कमी.

आणि कार्ड नेहमी रोहिदाससारखं नशिबानं मिळत नाही. 2022 च्या कॉमनवेल्थला इंग्लंडविरुद्ध हाफटाइमला 3-0 नं पुढं होतो, मग 4-1 होतो, आणि शेवटी 4-4. त्या मॅचला आपली पोरं एकामागून एक कार्ड घेऊन बाहेर बसत होती. ती कार्डं दमल्यावरची होती. माणूस दमला की पाय जागेवर पोचत नाही, पाय पोचला नाही की स्टिक पुढं जाते, आणि स्टिक पुढं गेली की समोरच्याच्या पायात अडकते. त्यामुळं मी कार्ड घेणाऱ्या खेळाडूवर ओरडत नाही, मी आधी बघतो की त्याला किती वेळ सलग मैदानात ठेवला होता, त्याच्या जागचा माणूस बेंचवर होता का, आणि होता तर त्याच्यावर कोचचा विश्वास का नव्हता. अंपायरशी हुज्जत घालून कार्ड घेणाऱ्याला मात्र माझ्याकडून माफी नाही. टीम पुढं असताना तोंड चालवून दोन मिनिटं बाहेर बसायचं ह्याच्यापेक्षा मोठा स्वार्थ मैदानावर मला दिसत नाही, आणि अशा खेळाडूला पुढची मॅच बसवला तरी माझी काही तक्रार नाही, फक्त त्याला तोंडावर सांगून बसवा.

आता लिलावाचं. हॉकी इंडिया लीग 2013 ते 2017 झाली, मग बंद पडली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीत परत लिलाव झाला. पुरुषांच्या टीमकडं खर्चाला 4 कोटी, महिलांच्या टीमकडं 2 कोटी. हरमनप्रीत 78 लाखाला सूरमा ह्या पंजाबच्या टीमकडं गेला, म्हणजे टीमच्या एकूण पैशातला जवळजवळ पाचवा हिस्सा एका माणसावर. महिलांमध्ये सगळ्यात महाग उदिता, 32 लाख, बेंगाल टायगर्स. नेदरलँड्सची यिब्बी यान्सन 29 लाख, ओडिशा वॉरियर्स. ही नावं बघितली की लिलावाचा कल लगेच कळतो, पेनल्टी कॉर्नरवर बॉल फ्लिक करणाऱ्याला पैसा. मला त्यात वाईट वाटत नाही, गोल लागतातच. पण चार कोटीत चोवीस माणसं बसवायची आणि त्यातले पाऊण कोटी एकावर घातले की ती कपात कुणाच्या वाट्याला येते, तर मिडफिल्डमध्ये दिवसभर पळणाऱ्याच्या, बॉल काढून घेऊन साधा पाच मीटरचा पास देणाऱ्याच्या. वैष्णवी त्या जातीची खेळाडू. तिचा खेळ टीव्हीवर बघायचा तर बॉलकडं बघून उपयोग नाही, बॉल यायच्या आधी ती कुठं सरकते ते बघायला लागतं.

एक नियम मला फार आवडला, पुरुषांच्या चोवीसच्या टीममध्ये चार ज्युनियर घेणं सक्तीचं. पण घेतलं म्हणजे खेळवलं असं होत नाही. बेंचवर बसून युरोपातल्या माणसाच्या बाटल्या भरणाऱ्या पोराला त्या पाच आठवड्यांत काय मिळालं हे कुणीतरी विचारलं पाहिजे.

पेइलातचं नाव वर घेतलं, त्याच्याबद्दल आमच्याकडं मोठा वाद आहे. हा माणूस अर्जेंटिनाचा. 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या सेमीफायनलला अर्जेंटिनाकडून खेळताना ह्यानं जर्मनीवरच तीन गोल मारले आणि पुढं गोल्ड घेतलं. मग तो जर्मनीकडून खेळायला लागला आणि जानेवारी 2023 मध्ये भुवनेश्वरला जर्मनीचा वर्ल्ड चँपियन झाला. आणि 2024 च्या लिलावात हैदराबादनं 68 लाखाला घेतला. आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, हे अजिबात पटत नाही. "आरं, ज्या मातीनं तुला मोठं केलं तिच्यावरच उलटायचं म्हंजी काय?" त्यांचं म्हणणं मी समजू शकतो, त्यांनी आयुष्यभर एकाच तालमीचं नाव लावलं. पण मी त्यांना विचारलं, "तात्या, आपल्या ऋतुजानं ओडिशाकडून खेळून कप जिंकला तेव्हा तुम्ही पेढे वाटले का नाही?" ते म्हणाले, "ती आपली पोरगी हाय, तिनं कुठनं बी खेळू दे." बरोबर, आणि माझं पण तेच म्हणणं आहे, मी खेळाडूच्या मागं जातो, टीमच्या नाही. कारण मला जायला टीमच नाही.

हे खरंच मला लागतं. लीग परत सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ टीम, महिलांच्या चार. दिल्ली, बंगाल, पंजाब, ओडिशा, तमिळनाडू, यूपी, हैदराबाद, विशाखापट्टणम. महाराष्ट्राची एक पण नाही. धनराज पिल्ले खडकीचा, चार ऑलिंपिक खेळलेला माणूस, आणि त्याच्या राज्याची टीम नाही. ऋतुजाची गोष्ट तर ऐकाच. 26 जानेवारी 2025, रांची, महिलांच्या पहिल्याच लीगची फायनल, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. ओडिशा 2-1 नं जिंकली आणि दोन्ही गोल ऋतुजाचे, दुसरा तर मॅच संपायला चारेक मिनिटं राहिली असताना. सातारा जिल्ह्यातल्या पोरीच्या दोन गोलांवर ओडिशाचं नाव कपावर लागलं. मला ओडिशाबद्दल आदरच आहे, त्या राज्यानं हॉकीसाठी जे केलंय ते कुणी केलेलं नाही, राष्ट्रीय टीमला स्पॉन्सर केलं, स्टेडियम बांधली. पण आपल्याकडं पैसा नाही असं मला कुणी सांगू नये. इथं बैलगाडा शर्यतीला बक्षिसात ट्रॅक्टर आणि चारचाकी असतात, गावोगावच्या क्रिकेट स्पर्धेला लाखांची बक्षिसं लागतात, आणि मला ते सगळं बघायला आवडतं पण, मी स्वतः शर्यतीला जातो. फक्त महिलांच्या एका टीमचे खेळाडू दोन कोटीत बसतात हे ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांनी एकदा कागदावर मांडून बघावं. बाकीचा खर्च वेगळा असतो हे मला कळतं, तरी बघावं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, निवड.

1998 ला बँकॉकच्या एशियाडमध्ये भारतानं 32 वर्षांनी गोल्ड जिंकलं, कॅप्टन धनराज. त्यानंतर लगेच धनराजसकट काही सीनियर खेळाडू टीमबाहेर. सांगायला विश्रांती. पण मॅच फीबद्दल, पैशाबद्दल तोंड उघडलं म्हणून काढलं असंच बहुतेकांनी मानलं, आणि ते मानायला जागा ठेवली ती निवडणाऱ्यांनीच. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या पीटीच्या सरांनी ती बातमी फळ्यावर लिहिली होती आणि खाली काही लिहिलं नव्हतं. मग उलटं उदाहरण बघा. 2011 ला संदीप सिंग आणि सरदार सिंग शिबिर सोडून निघून गेले, दोन वर्षांची बंदी जाहीर झाली, मग ती मागं घेतली, आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकला दोघं टीममध्ये होते. माझं मत विचाराल तर दोन वर्षं जास्तच होती, आणि मागं घेतली ते बरंच झालं, सरदारचा पुढचा खेळ आपल्याला मिळाला. पण शिक्षा मोठी जाहीर करायची आणि गरज लागली की पुसायची, ह्यात बाकीच्या खेळाडूंना काय कळलं? हेच की नियम आपल्यासाठी आहे, स्टारसाठी नाही. मैदानावर हिरवं कार्ड हरमनप्रीतला पण दोन मिनिटंच आणि काल आलेल्या पोराला पण दोन मिनिटंच.

राणी रामपालचं मला जास्त लागतं. 2021 ला टोकियो ऑलिंपिकला तिच्या कॅप्टनशिपखाली पोरी चौथ्या आल्या, ऑस्ट्रेलियाला 1-0 नं हरवलं, ब्राँझची मॅच ग्रेट ब्रिटनकडून 4-3 नं गेली, सकाळी सकाळी घराघरात लोक रडले त्या मॅचला. पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपच्या टीममध्ये राणी नाही, कारण दुखापत, फिटनेस. ठीक, पटलं. 2023 च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेला परत नेली. मग परत बाहेर. ऑक्टोबर 2024 मध्ये तिनं रिटायरमेंट जाहीर केली. ह्या दुसऱ्या वेळच्या बाहेर जाण्याचं नीट कारण माझ्यासारख्या रोज बातम्या वाचणाऱ्या माणसाला कधी वाचायला मिळालं नाही. तिला काढायला नको होतं असं माझं म्हणणं नाही. कोचला वेगळ्या स्पीडची फॉरवर्ड लाइन पाहिजे असेल, नव्या पोरींना वेळ द्यायचा असेल, ही सगळी मोठी आणि खरी कारणं आहेत. तर मग सांगा ना. जानेवारी 2024 मध्ये रांचीला जपाननं 1-0 नं हरवलं आणि पॅरिसचं तिकीट गेलं, वैष्णवी होती त्या टीममध्ये. त्या रात्री जो तो राणी असती तर असती तर म्हणत होता. हा त्या मैदानावरच्या पोरींवर अन्याय होता, त्यांनी जीव तोडून खेळ केला होता, आणि तो अन्याय झाला कारण आधीचा निर्णय कुणी उघड मांडलाच नव्हता.

आणि आमची अक्षता. 2022 च्या ज्युनियर वर्ल्ड कपला चौथ्या आलेल्या टीममध्ये होती, त्याच वर्षी सीनियरच्या वर्ल्ड कपला तिचं नाव आलं पण राखीवमध्ये. राखीव म्हणजे अठरा जणी खेळणार आणि तू तयार राहायचं. तेवढाच सराव करायचा, तेवढंच पळायचं. मला वाटतं टीममधली सगळ्यात अवघड जागा हीच आहे, फर्स्ट रशरपेक्षा पण. यादी लागली की पेपरवाले वरची अठरा नावं छापतात, खालची दोन एका ओळीत, आणि मी पहिली तीच वाचतो.

हे सगळं वरच्या लेव्हलचं झालं. खाली काय चालतं ते शेजारच्या घरात बघितलं. शेजारची पोरगी, नववीत, हाफला म्हणजे मधल्या फळीत खेळते. एका निवड चाचणीला गेली, दोन दिवस उन्हात पळाली, संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पडली, नाव नाही. यादीच्या खाली फक्त अभिनंदन आणि हात जोडलेले. ती मला म्हणाली, "काका, माझं स्टॉपिंग कच्चं आहे का पळणं कमी पडतंय एवढंच सांगा कुणीतरी, मी त्याच्यावर काम करते." मला काय सांगता येणार, मी प्रेक्षक. महिनाभरानं एका जुन्या प्रशिक्षकांनी तिला सहज खेळताना बघितलं आणि एका वाक्यात सांगितलं, तू डावीकडं आलेला बॉल सोडून देतेस. हॉकी स्टिकची एकच बाजू सपाट असते, डावीकडचा बॉल खेळायचा तर स्टिक उलटी फिरवायला लागते, रिव्हर्स, आणि ते तिला कुणी घोटून घेतलंच नव्हतं. आता रोज संध्याकाळी आमच्या कंपाऊंडच्या भिंतीवर रिव्हर्सनं बॉल आपटत असते. ते एक वाक्य चाचणीच्या दिवशीच मिळालं असतं.

आमच्या जिल्ह्यात हे नवीन नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला जाणार नव्हते, निवडीच्या कुस्तीत त्यांना डावललं गेलं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, परत कुस्ती लावली, खाशाबांनी ती जिंकली आणि हेलसिंकीहून ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. कुस्तीत एक सोय आहे, दोघांना परत उभं करा, पाठ लागली की विषय मिटला. हॉकीत तसं होत नाही. दोन मिडफिल्डरना समोरासमोर लावून कोण चांगला ते ठरत नाही, शेजारी कोण खेळणार, समोर कुठली टीम आहे, कॉर्नरला कोण धावणार, ह्या सगळ्यावर ठरतं. म्हणून हॉकीत निवड कायम कुणाच्या तरी मतावरच होणार, आणि मत असतं तिथं कारण द्यायलाच लागतं.

तात्या ह्यावर अजून भांडतात. परवा जेवताना म्हणाले, "वस्ताद कधी पोराला कारण देत न्हाय. बस म्हनला की बसायचं. आन कोच सगळ्यास्नी कारनं देत बसला तर सराव कवा घ्यायचा त्यानं?" मी म्हटलं, तात्या, हिशोब करा. शिबिरात तीस-पस्तीस जणी असतात, अठरा जाणार, राहिल्या बारा ते सतरा. एकेकीला समोर बसवून दहा मिनिटं द्यायची, हे कमी पडलं, हे सुधार, अमुक महिन्यात परत बघतो. तीन तास पण लागत नाहीत.

तात्या म्हणाले, "मग चहा बी पाजंल का त्यो?"

मी म्हटलं, पाजावा.